वसतिगृहांची शंभर वर्षे आणि चाकणचा विद्यार्थी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी शेवटच्या पानांवर दहावी-बारावीस उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे गुणांसह छापून येतात. गेल्या पुष्कळ वर्षांचे अंक आम्ही जपून ठेविले आहेत. सेवानिवृत्तीनंतर ते चाळताना परिचयातील एकेका नावापुढे पेन्सिलीने 'पदवीधर' असे लिहीत जावे असे मनात आले. काही नावांपुढे तो शब्द लिहिताना आनंद झाला. पुष्कळ नावांपुढे मात्र तो लिहिता आला नाही. ही मुले बुद्धीने उणी नव्हती. आम्हीच त्यांतील काहींच्या हाती पाटी दिली होती. मग ती गळाली कोठे, ह्याचा विचार करता असे दिसते की, शाळा आणि महाविद्यालय ह्यांच्यामध्ये जी दरी आहे तिच्यावर वसतिगृहाचा पूल बांधावा लागतो, हे महाराष्ट्रास शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

पूर्वी पुण्यासारख्या शहरी गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून अगर वार लावून शिकत असे. आठवड्याचे सात वार, सात घरे. त्यात मानहानी होती, अर्धपोटी राहणेही होते. परंतु सोय होती, आणि त्या सात घरांत 'पुढे कोणती परीक्षा दे' हे सांगणारे एखादे वडीलधारे माणूसही भेटे. कुणब्याच्या, माळ्याच्या, शिंप्याच्या, कुंभाराच्या मुलास शहरात अशी सात घरे कोठली असणार? अस्पृश्य मानलेल्या मुलास तर उंबऱ्याशी उभे राहण्याचीही चोरी होती.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके हेरले. प्रथम त्यांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढून पाहिले. पण काही वर्षांत तेथे एकाच वर्गाची मुले उरली. तेव्हा १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिले आणि त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९०२ सालचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सर्वांस ठाऊक असतो. त्या जागांवर बसण्यास लायक मुले तयार व्हावीत म्हणून महाराजांनी आधीच त्यांच्या भाकरीची तजवीज आरंभिली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

महाराजांची वसतिगृहे जातवार होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ साली त्यांनी साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. महार, मराठा, जैन, मुसलमान अशी मुले तेथे एका पंगतीत जेवत आणि अंगमेहनत करून शिकत. कोठीतील धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले, ही हकीकत घरोघर सांगितली जाते. पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग हाउस काढिले. ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत लिहिताना आम्ही हे मुद्दाम नमूद करीत आहो, कारण आपल्या कार्यकारिणीपुढे वसतिगृहाचा विषय जेव्हा जेव्हा येतो तेव्हा 'फक्त आपल्याच मुलांसाठी' हा शब्द प्रथम उच्चारला जातो. आमचे मत भाऊरावांच्या बाजूचे आहे.

आता थोडे स्वतःविषयी लिहिल्यास वाचकांनी क्षमा करावी. आम्ही १९७६ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. त्या काळी चाकण म्हणजे संग्रामदुर्गाचे पडके बुरूज आणि कांद्याचा बाजार. पुणे येथून अवघे ३० किलोमीटर. पुण्यातील एका महाविद्यालयात आमचे नाव लागले. ई. बी. सी. सवलतीमुळे फीची अडचण नव्हती. एका नातलगाच्या दोन खोल्यांत, त्यांची सहा माणसे झोपल्यावर उरलेल्या जागेत, आम्ही पंधरा दिवस काढिले. सोळाव्या दिवशी वडील आले आणि आमची वळकटी उचलून आम्हांस घेऊन गेले. पुढे शिक्षक-प्रशिक्षण घेऊन आम्ही प्राथमिक शाळेत रुजू झालो, त्याचा खेद नाही. खेद निराळाच आहे. अच्युतराव आपटे ह्यांनी खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी १९५५ सालीच पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापिली होती. आम्ही वळकटी घेऊन परतलो तेव्हा त्या संस्थेस एकवीस वर्षे झाली होती, आणि आमच्या घरात, आळीत, किंबहुना सबंध शाळेत ते नाव आम्हांस सांगणारा कोणी भेटला नाही.

आज चाकणचे रूप पालटले आहे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील शेतांत कारखाने उभे आहेत. बारावी झालेल्या मुलास कंत्राटदार दुसऱ्याच दिवशी कामावर घेतो; महिन्याअखेर हाती पैसे येतात आणि महाविद्यालय मागे पडते. त्या मुलास आम्ही दोष देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढिले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेविले होते. पाळीत काम करणाऱ्या आपल्या मुलांस तशी सोय हवी आहे.

सरकारी मदत नाही असेही नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस स्वाधार योजना आहे; अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर ह्यांच्या पाल्यांस डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ सालापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. परंतु उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, अर्जाची अखेरची तारीख, हे सारे ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जात आहे, तेथे कोणी सांगावे? आमची मंडळास सूचना एवढीच की, गुणगौरव समारंभातील शाली-श्रीफळांचा खर्च थोडा कमी करून ह्या योजनांची व पुण्यातील वसतिगृहांची माहिती स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारीच छापावी, आणि ती दहावीचा निकाल लागण्यापूर्वी घरोघर पोहोचवावी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतील एक मुलगी वसतिगृहाचा अर्ज भरून घेण्यास आमच्या ओटीवर आली होती. 'पालकांचे शिक्षण' ह्या रकान्याशी ती थबकली. वडिलांनी चौथी सांगितले. आई काही बोलली नाही. मुलीने तिच्याकडे एकवार पाहिले आणि अर्जात 'सही करता येते' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. जागा मिळाल्याचे पत्र आल्यावर तिला पोहोचविण्यास आम्हीही त्यांच्याबरोबर पुण्यास गेलो. वळकटी ह्या खेपेस आम्ही उचलली होती.