लाठी एकाला, वळ अनेकांच्या मनावर

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. पण बेडी तुटली म्हणजे धास्ती सुटते, असं थोडंच आहे!

तिकडे दक्षिणेत अठराव्या शतकापासून गुलामांवर गस्त घालणारी पथके असत. पळालेल्याला पकडावे, फटके द्यावेत, हेच त्यांचे काम. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. तरी ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावी मताचा हक्क मागत शांतपणे निघालेल्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी झोडपलेच. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांची मान एका पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघ्याखाली दाबली. त्यात त्यांचा प्राण गेला.

आता जे तिथे नव्हतेच, त्यांचं काय? २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. निःशस्त्र कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून मेला, की त्याच राज्यातील इतर कृष्णवर्णीयांचे मन ठिकाणावर नसलेले दिवस वाढत. महिना-दोन महिने हा परिणाम विशेष जाणवे. गोऱ्यांमध्ये तसे आढळले नाही.

इतिहासात मेलेल्यांची गणती होते. पण मुलगा घरी येईतो उंबऱ्याशी जागणाऱ्या आईची नोंद कोण ठेवतो? या पाहणीने ती थोडीफार ठेवली.