श्रीपत शेषाद्री: बाप्तिस्मा न घेताच भोगलेली शिक्षा

सन 1843. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेसाठी दुःख सोसणे हा ख्रिस्ती जीवनाचाच भाग, ही शिकवण पहिल्या शतकापासूनची. रोममध्ये तिची किंमत प्राण होती, मुंबईत जात. घर, पंगत, वारसा सारेच तुटे. धर्मांतरितांच्या वारसाहक्काला संरक्षण देणारा कायदा 1850 साली आला.

नारायणाने ही किंमत समजून-उमजून मोजली. धाकट्या श्रीपतचे तसे नव्हते. सुमारे बारा वर्षांचा हा मुलगा मिशनऱ्यांकडे राहून त्यांच्यासोबत जेवला होता, इतकेच. बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने अज्ञान मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. त्याच्या इच्छेविरुद्ध, हे विसरता येत नाही. घर मिळाले, पण पंगत मिळेना! ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे असा आग्रह धरला, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली.

नारायण पुढे केनवड-रिसोडच्या पश्चिमेला, निजामाच्या मुलखातील जालन्यास गेले. तेथे मांग समाजात काम करून त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली.