घरी जुळविलेल्या संगणकातील संचयसाधने : निवडीचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाविषयी जे लेखन आजवर झाले आहे त्यात गणनेच्या वेगाला आणि यंत्रनिर्मात्यांच्या चरित्रांना मानाचे स्थान मिळाले आहे. यंत्र बंद केल्यावर त्यातील मजकूर कोठे राहतो, हा प्रश्न बहुधा परिशिष्टात ढकलला जातो. ज्यांनी सुटे भाग विकत आणून घरीच संगणक जुळविला, त्यांच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न मुख्य होता. संचयसाधनांची कथा सामान्यतः धारणक्षमतेच्या वाढीची कथा म्हणून सांगितली जाते : प्रथम कागदी फीत, मग कॅसेट, मग फ्लॉपी, मग हार्ड डिस्क, आणि शेवटी फिरता भाग नसलेली एसएसडी. ही मांडणी चुकीची नाही. पण ती निर्मात्याच्या बाजूने केलेली आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहता असे दिसते की, घरी संगणक जुळविणाऱ्याने जे निवडले ते मुख्यतः साधन नव्हते, तर जोडणी होती. कोणता कंट्रोलर, कोणती केबल, मदरबोर्डावरील कोणती खाच, या प्रश्नांची उत्तरे ठरली की ड्राइव्हची निवड पुष्कळशी आपोआप ठरून जाई. हा भेद केवळ तात्त्विक नाही. जुन्या चकतीवरील मजकूर आज वाचता येईल किंवा नाही, हे बव्हंशी त्या जोडणीवरच अवलंबून आहे.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र झळकले. अल्बुकर्की येथील ‘मिट्स’ या लहानशा कंपनीने ते सुट्या भागांच्या स्वरूपात ३९७ डॉलरांना देऊ केले होते. खरेदीदाराने तारा व भाग स्वतः झाळून यंत्र उभे करावयाचे, अशी ती योजना होती. मूळ संचात स्मृती होती ती अवघी २५६ बाइटांची, आणि संचयसाधन मुळीच नव्हते. दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून एकेक सूचना यंत्रात भरावी लागे, आणि वीज बंद करताच ते सारे श्रम लयास जात. त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली सभा भरली. त्या मंडळींपुढील निकडीच्या प्रश्नांत, एकदा भरलेला प्रोग्राम जपून कसा ठेवावा, हा प्रश्न अग्रभागी असल्यास नवल नाही.

उत्तर घरातच सापडले. गाणी ऐकण्याचा कॅसेट रेकॉर्डर बहुतेकांपाशी होता. त्यावर संख्यांचे रूपांतर ध्वनीत करून नोंदविता येई. परंतु प्रत्येकजण ते आपापल्या पद्धतीने करू लागल्याने एकाची कॅसेट दुसऱ्याच्या उपयोगी पडेना. नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘बाइट’ मासिकाच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे एक परिषद भरली आणि तीत एक समान संकेत ठरला. शून्यासाठी १२०० हर्ट्‌झच्या ध्वनीची चार आवर्तने, एकासाठी २४०० हर्ट्‌झची आठ, आणि वेग सेकंदाला ३०० बिट. आरंभीचे व अखेरचे खूणबिट धरता एका बाइटास अकरा बिट लागत. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ बाइट. या हिशेबाने ८ किलोबाइटांचा बेसिक-अनुवादक यंत्रात भरण्यास पाच मिनिटे लागत, आणि मधेच फीत अडखळली तर पुनश्च हरिओम. तरीही या संकेताची थोरवी वेगात नव्हती. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता व साध्या ध्वनीचा होता, म्हणून १९७७ च्या मे महिन्यात ‘इंटरफेस एज’ या मासिकाला आपल्या अंकासोबत ग्रामोफोनची एक लवचिक तबकडीच वाचकांच्या हाती देता आली. तबकडी लावावी आणि प्रोग्राम यंत्रात उतरवून घ्यावा, इतका हा मामला सोपा होता. पुढील काळातील कोणत्याही महागड्या साधनापेक्षा या गरीब संकेताने लिहिलेला मजकूर आज अधिक सहजतेने वाचता येतो. त्याला ध्वनी ऐकणाऱ्या कोणत्याही यंत्राखेरीज काही लागत नाही.

फ्लॉपीबरोबर हा मोकळेपणा संपला. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली होती, आणि तिच्यावरील नोंदीची आयबीएमची पद्धत इतरांनीही उचलल्यामुळे तिला काही एक प्रमाणरूप आले होते. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने ‘एसए ४००’ ही सव्वापाच इंची ड्राइव्ह काढली आणि घरगुती यंत्रांचा ओढा तिच्याकडे वळला. आकार आटोपशीर, किंमतही आवाक्यात. मात्र तिच्यावर लिहावे कसे याविषयी कोणाचे कोणाशी एकमत नव्हते. काही कंपन्यांनी चकतीला सेक्टरमागे एक अशी अनेक भोके पाडून घेतली, काहींनी एकाच भोकावर भागविले. ॲपलच्या १९७८ च्या ‘डिस्क टू’साठी स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी कंट्रोलरवरील चिपांची संख्या आश्चर्यकारक रीतीने घटविली आणि त्या भोकाची गरजच उरू दिली नाही, सेक्टर कोठे सुरू होतो हे प्रोग्रामने शोधावयाचे. आरंभी एका ट्रॅकवर १३ सेक्टर मावत. १९८० मध्ये ते १६ झाले, आणि जुन्या मालकांना कंट्रोलरवरील दोन चिपा बदलून घ्याव्या लागल्या. चकती तीच, ड्राइव्हही तीच, आणि क्षमता मात्र सुमारे ११४ किलोबाइटांवरून १४० वर गेली. क्षमता ही चकतीचा गुणधर्म नसून चकती व कंट्रोलर यांच्यातील कराराचा गुणधर्म आहे, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

हार्ड डिस्कच्या बाबतीत हा करार अधिक जाचक ठरला. आयबीएमच्या १९५६ च्या ‘रॅमॅक’ यंत्रणेतील डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि तीत पन्नास लाख अक्षरे मावत. चोवीस वर्षांनी, १९८० मध्ये, सीगेट कंपनीच्या पूर्वावताराने ‘एसटी ५०६’ ही ड्राइव्ह विक्रीस आणली. तिची क्षमता जवळजवळ तेवढीच, म्हणजे ५ मेगाबाइट, पण आकार सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हइतका. १,५०० डॉलर हे मोल घरगुती जुळणाऱ्यास परवडणारे नव्हते. तिची खरी कामगिरी म्हणजे तिने रूढ केलेली दोन केबलांची जोडणी. १९८३ च्या आयबीएम ‘पीसी एक्सटी’मध्ये १० मेगाबाइटांची ड्राइव्ह त्याच जोडणीने बसविलेली होती, आणि एक्सटीच्या नकला घरोघर जुळविल्या जाऊ लागल्या तेव्हा तीच जोडणी सर्वत्र पसरली.

या जोडणीत ड्राइव्ह जवळजवळ मुकी होती. चुंबकीय खुणांचे बिटांत रूपांतर करण्याचे काम स्वतंत्र कंट्रोलर कार्डाकडे असे. एमएफएम पद्धतीचे कार्ड एका ट्रॅकवर १७ सेक्टर लिही; आरएलएल पद्धतीचे कार्ड त्याच लांबीच्या ट्रॅकवर २६ सेक्टर बसवी. म्हणून सीगेटची ‘एसटी २२५’ ही ड्राइव्ह २० मेगाबाइटांची म्हणून विकली जाई, आणि तिचीच आरएलएलसाठी योग्य ठरविलेली बहीण ‘एसटी २३८ आर’ ३० मेगाबाइटांची म्हणून. काटकसरी जुळणाऱ्यांनी यातून जो निष्कर्ष काढावयाचा तो काढलाच : स्वस्त ‘२२५’ घ्यावी, तिला आरएलएल कार्ड लावावे आणि दहा मेगाबाइट फुकट पदरात पाडून घ्यावेत. काहींचे साधले. काहींचे काही महिन्यांनी फसले, कारण अधिक दाट लिहिलेल्या खुणा पेलण्याइतका त्या चकतीचा लेप चांगला असेलच याची हमी कोणी दिलेली नव्हती. याखेरीज सेक्टरांच्या क्रमाचाही प्रश्न होता. यंत्र मंद असेल तर एक सेक्टर वाचून त्याची व्यवस्था लावेपर्यंत पुढचा सेक्टर निघून जाई आणि चकतीच्या संपूर्ण फेरीची वाट पाहावी लागे. म्हणून लागोपाठचे क्रमांक मुद्दाम अंतर सोडून लिहीत. हे अंतर किती ठेवावे, हे जुळणाऱ्याने स्वतः प्रयोग करून ठरवावयाचे असे. एका कार्डाने आखलेली चकती दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला पुष्कळदा ओळखताच येत नसे. कार्ड जळाले की, ड्राइव्ह धडधाकट असूनही मजकूर गेल्यासारखाच.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक व वेस्टर्न डिजिटल यांच्या सहकार्यातून पुढे आलेल्या आयडीई पद्धतीने कंट्रोलर उचलून ड्राइव्हच्याच अंगावर बसविला. अभ्यासकांनी या घटनेकडे केवळ खर्च वाचविणारी युक्ती म्हणून पाहिले आहे. संचयाच्या इतिहासात तिचे स्थान याहून बरेच वरचे मानले पाहिजे, कारण मजकूर आणि तो वाचण्याची विद्या ही प्रथमच एका पेटीत नांदू लागली. जुळणाऱ्याचे कामही हलके झाले. चाळीस तारांची एक पट्टी, तीवर दोन ड्राइव्ह, आणि एक ‘मास्टर’ तर दुसरी ‘स्लेव्ह’ हे ठरविणारा लहानसा जम्पर. तो जम्पर चुकीच्या खुंट्यांवर बसवून रात्र वाया घालविलेल्यांची संख्या मोठी असली पाहिजे. पण त्या चुकीने मजकूर जात नसे.

तथापि जुना करार एका नव्या रूपाने आडवा आलाच. मदरबोर्डावरील बायोस १,०२४ सिलिंडर व ६३ सेक्टर यांपलीकडे मोजू शकत नव्हते, आणि आयडीईला १६ शीर्षांपेक्षा अधिक ठाऊक नव्हती. दोहोंतील लहान तेवढी मर्यादा लागू होई. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२ बाइट, म्हणजे ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. दोन्ही पक्षांची स्वतंत्र मर्यादा याहून कितीतरी मोठी होती; अडचण उद्भवली ती त्यांच्या संयोगातून. १९९० नंतरच्या दशकात मोठी ड्राइव्ह घेऊन आलेल्या ग्राहकाला तिचा अर्ध्या गिगाबाइटापलीकडचा भाग दिसेना. मग एकतर नवे बायोस किंवा यंत्र सुरू होताना आधी चालणारा एक दुभाषी प्रोग्राम, हे दोनच मार्ग राहिले. दुसरा मार्ग पत्करणाऱ्याची ड्राइव्ह पुढे त्या दुभाष्याविना दुसऱ्या यंत्रात नीट वाचता येत नसे.

मुंबईत याच सुमारास लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग घेऊन जुळविलेले संगणक महाराष्ट्रातील कचेऱ्यांत व मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले. येथे एक फरक नोंदविला पाहिजे. अमेरिकेतील जुळणारा हा प्राधान्याने छंदिष्ट होता. येथे जुळणी बहुधा दुकानदार करी व ग्राहक ‘असेंबल्ड’ यंत्र घरी नेई. निवड झाली, पण ती कोणत्या कारणाने झाली याची नोंद ग्राहकापाशी क्वचितच राहिली.

२००३ पासून रूढ झालेल्या साटा जोडणीने जम्परही गेला, आणि निवडीचा प्रश्न प्रथमच जोडणीकडून टिकाऊपणाकडे सरकला. टिकाऊपणाविषयी बाजारात ऐकीव माहितीचेच राज्य होते. आयबीएमच्या २००० साली आलेल्या ‘डेस्कस्टार ७५ जीएक्सपी’ या मालिकेतील ड्राइव्ह मोठ्या संख्येने बिघडल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि लोकांनी त्या नावाचे विडंबन करून तिला मृत्युतारा ठरविले. विश्वसनीय आधार मिळाला तो गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लाखाहून अधिक ड्राइव्हच्या पाहणीतून. तीनुसार उष्णतेचा परिणाम समजला जातो तितका नव्हता. आणि बिघडलेल्या ड्राइव्हपैकी निम्म्याहून अधिकांनी स्वयंनिदानाच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही खूण आधी दाखविलेली नव्हती. प्रत काढून ठेवण्याला पर्याय नाही, हे यावरून आकड्यांनिशी सिद्ध झाले. २०११ मध्ये थायलंडातील पुराने तेथील कारखाने बुडाले व हार्ड डिस्कच्या किमती काही आठवड्यांत भडकल्या. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की, ‘रेड’ नावाने विकल्या जाणाऱ्या काही ड्राइव्हमध्ये ट्रॅक कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेले आहेत. अशा ड्राइव्हवर पुनर्लेखन मंदावते. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता.

एसएसडीच्या मुळाशी असलेली फ्लॅश स्मृती ही तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची १९८० च्या दशकातील कल्पना. घरगुती जुळणाऱ्याच्या ती उपयोगी पडू लागली २००८ मध्ये इंटेलची ८० गिगाबाइटांची ‘एक्स२५-एम’ आल्यानंतर. तिच्या वेगाविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. लक्षणीय गोष्ट ही की, तिच्याबरोबर जोडणीचा प्रश्न परत आला. ‘एम-२’ या एकाच आकाराच्या खाचेत साटा व एनव्हीएमई अशा दोन वेगवेगळ्या बोलीच्या ड्राइव्ह बसतात. काही खाचांना एकच बोली कळते, आणि अनेक मदरबोर्डांवर ती खाच वापरली की एखाददुसरे साटा तोंड बंद पडते. म्हणजे १९८७ साली कार्डाची पुस्तिका चाळणाऱ्या जुळणाऱ्याला जे करावे लागे, तेच आजच्या जुळणाऱ्यालाही करावे लागते.

अभिलेखपालांना या साऱ्याचा प्रत्यय येऊ लागला आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे मॅकिंटॉश संगणकही मिळविले आणि २०१० मध्ये त्यांपैकी एकाची प्रतिकृती अभ्यासकांना प्रोग्रामरूपाने खुली केली. हे शक्य झाले याचे एक कारण असे की, ते यंत्र कारखान्यात ठराविक नमुन्याने बनलेले होते. घरी जुळविलेल्या यंत्राला नमुना नसतो. कार्ड, बायोस व दुभाषी प्रोग्राम यांचा तो संयोग कदाचित एकदाच घडलेला असतो. फ्लॉपी व एमएफएम ड्राइव्ह यांच्यापुरता यावर तोडगा निघाला आहे, आणि तो काढण्यात छंदिष्टांचाच पुढाकार आहे. ‘क्रायोफ्लक्स’सारखी साधने कंट्रोलरला बाजूस सारून फ्लॉपीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतात, अर्थ लावण्याचे काम मागाहून सावकाश करता येते. जुन्या हार्ड डिस्कसाठीही अशीच साधने तयार झाली आहेत. एसएसडीच्या बाबतीत हा मार्ग सहसा उपलब्ध नाही. तिच्यातील कोणता मजकूर कोणत्या पेशीत आहे याचा तक्ता तिचा कंट्रोलर सतत बदलत असतो, अनेक ड्राइव्हमध्ये मजकूर सांकेतिक रूपात ठेवलेला असतो, आणि लेखनाचे आयुष्य संपत आलेल्या घरगुती ड्राइव्हकडून प्रमाणसंस्थेची अपेक्षा इतकीच आहे की, वीज नसताना ३० अंश सेल्सिअस तपमानात तिने आपला मजकूर एक वर्ष राखावा.