तारीख सांगून येणारी पाहुणी



आज एक प्रश्न विचारते. तुमच्या आजीकडे तिची स्वतःची मैत्रीण दोन-तीन दिवस मुक्कामाला आल्याचे तुम्हाला आठवते का? नणंद नव्हे, जावेची बहीण नव्हे, यात्रेहून परतताना थांबलेले गाववाले नव्हेत. फक्त तिची मैत्रीण. मी आमच्या नात्यातल्या बायकांना विचारून पाहिले. एकीलाही आठवले नाही. खरे तर आजीचे घर पाहुण्यांनी कायम भरलेले असे. पण ते पाहुणे आजोबांचे, दिरांचे, दुकानाचे. आजीच्या वाट्याला फक्त त्यांचे ताट वाढणे आले. लग्न झाले की लहानपणीची मैत्रीण सुटायची. भेट झालीच तर दोघी एकाच वेळी माहेरी आल्या तर.

म्हणजे बाईच्या घरी बाईची मैत्रीण राहायला येणे ही आपल्याकडे जेमतेम दोन-तीन पिढ्यांची गोष्ट आहे. ती शक्य झाली ती सुटी, वाहन आणि शिक्षण यांमुळे.

आधी सुटी. आपल्या जुन्या घरांत रविवारला काही महत्त्व नव्हते. आपला हिशेब तिथीचा. अष्टमी-चतुर्दशीला उपवास किंवा एकाशन, भाजीचा त्याग, मंदिरात जास्त वेळ. दुकानाचे वेळापत्रक ठरे ते आठवडी बाजारावर. रविवारची सुटी कामगारांना मिळाली ती मुंबईच्या गिरण्यांत, आणि ती मागून, झगडून मिळाली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली आणि आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आली आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा पडली.

सणावारांच्या सरकारी सुट्यांचे मूळ तर आम्हा कॉमर्सवाल्यांच्या पुस्तकात सापडते. हुंडी, चेक आणि वचनचिठ्ठीचा १८८१ चा 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट' आम्ही बी.कॉम.ला घोकला होता. त्याच्या २५ व्या कलमाखाली आजही सार्वजनिक सुट्या जाहीर होतात. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशीच संपली असे धरायचे, असा नियम आहे. शनिवार-रविवार जोडून मिळणे तर अगदी अलीकडचे. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला १ सप्टेंबर २०१५ पासून, आणि महाराष्ट्र शासनाचा पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला २९ फेब्रुवारी २०२० पासून.

दुसरे, वाहन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पण घरातली बाई गाडीत बसायची ती बाळंतपणाला, लग्नाला किंवा यात्रेला, आणि तीही कोणाच्या तरी सोबतीने. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली. पुढे एसटी गावोगावी पोहोचली, तेव्हा कुठे बाई पिशवी घेऊन एकटी निघू लागली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धे तिकीट आहे. या सवलतीने किती मैत्रिणींच्या भेटी घडवल्या असतील!

तिसरे, शिक्षण. ज्या बाईने नात्याबाहेर कोणाला पाहिलेच नाही, तिला मैत्रीण मिळणार कुठे? १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा निघाली. आपल्या समाजात मगनबाईंचे नाव आदराने घ्यायला हवे. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची ही कन्या. तरुणपणीच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य कोपऱ्यात संपायचे. पण वडिलांनी शिकवले, आणि मगनबाईंनी ललिताबाई व कंकुबाई यांच्यासोबत श्राविकाश्रम उभा केला. पुढे सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी तेच काम वाढवले. तिथे मुली अक्षरे शिकल्या, धर्मग्रंथ वाचू लागल्या. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या घरांच्या मुली एका छताखाली राहिल्या, हेही मला तितकेच मोठे वाटते.

आता आपल्या धर्माच्या बाजूने पाहू. श्रावकाच्या बारा व्रतांतले शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही. हा शब्द मुळात मुनिमहाराजांसाठी. म्हणून तर आपण चौका लावून दारात उभ्या राहतो. तारीख सांगून येणारी मैत्रीण या अर्थाने अतिथी नव्हे. तिच्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, वात्सल्य. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी हे एक. त्याचे उदाहरण म्हणून विष्णुकुमार मुनींची कथा सांगतात. हस्तिनापुरात अकंपनाचार्यांच्या संघातल्या ७०० मुनींवर बलीने उपसर्ग केला, चहूकडे धूर कोंडला. विष्णुकुमारांनी वामनरूप घेऊन तो दूर केला. तो दिवस श्रावणी पौर्णिमेचा. धुराने मुनींचे घसे पोळले होते, म्हणून श्रावकांनी त्यांना गिळायला सोपी अशी शेवयांची खीर दिली, असे परंपरा सांगते. मला या कथेतली खीरच जास्त आवडते. समोरच्याच्या घशाला काय सोसेल, ते पाहून दिले. वात्सल्य साधर्मींसाठी सांगितले असले, तरी द्यायची ही रीत सगळ्यांनाच लागू पडते.

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. सलग तीन दिवस सुटी. माझी कॉलेजची मैत्रीण एसटीने आमच्याकडे आली. ती जैन नाही. आदल्या वर्षी तिचे यजमान गेले. तेव्हापासून ती घराबाहेर राहिली नव्हती. चातुर्मास चालू. पावसाळ्यात आपल्या पिठाची मर्यादा तीन दिवसांची. गुरुवारी दळून आणले, आदल्या दिवशीच, हुंडीच्या नियमाप्रमाणे! ते शनिवारपर्यंत पुरले, रविवारी भात-आमटी केली. कांदा-लसूण नाही, पालेभाजी नाही, सूर्यास्ताआधी जेवण. ती म्हणाली, "बरं झालं गं, सहालाच जेवण आटोपलं. घरी रात्र फार मोठी वाटते." सूर्यास्ताआधी ओटा आवरला की आमची रात्र मोकळी. तीन रात्री आम्ही बोलत बसलो. त्यातल्या एका रात्री ती यजमानांबद्दल पहिल्यांदाच मनमोकळी रडली.

पुरणपोळी, गुळपोळी, चार भाज्या असा घाट घातला असता, तर हे झाले असते का? संविभाग म्हणजे घरात जे शिजले त्याचा योग्य वाटा. शास्त्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातले दोन आपण घरगुती पाहुणचारातही लक्षात ठेवावेत. एक मात्सर्य, म्हणजे आदर सोडून, दुसऱ्या दात्याशी चुरस करत देणे. दुसरा कालातिक्रम, म्हणजे देण्याची वेळ टळू देणे. अमकीने दहा पदार्थ केले म्हणून मी बारा करते, हे मात्सर्याच्या जवळ जाते. आणि पुढच्या सुटीत बोलवू, सून बाळंत झाली की बोलवू, गुडघ्याचे ऑपरेशन झाले की बोलवू, असे म्हणत राहणे हा आपल्या वयातला कालातिक्रम. साठीनंतर किती सुट्या हाती आहेत, हे कोणत्याच कॅलेंडरवर छापलेले नसते.

घरातल्या सुनांनाही एक सांगणे. सासूबाईंची मैत्रीण येणार असेल, तर तिला घरची पाहुणी माना. आणि सासवांनो, सुनेची मैत्रीण आली तर तिच्या खोलीचे दार ओढून घ्या, दोघींना बोलू द्या. गिरणीतल्या बायकांनी मागून घेतलेली सुटी आपल्या स्वयंपाकघरात हरवू नये.

पुढची जोडून सुटी कधी आहे ते आजच पाहा आणि मैत्रिणीला फोन करा. पीठ आदल्या दिवशी दळून आणले की झाले.

जय जिनेंद्र.