त्वचेची निगा : प्रसाधन निवडताना वेष्टन वाचणे आवश्यक

त्वचेच्या दैनंदिन निगेसाठी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन सामान्यतः पुरेसे असते. रंग उजळण्याचा दावा करणाऱ्या काही क्रीममध्ये मात्र पारा आढळतो. तो मेलॅनिनची निर्मिती रोखतो. पण शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा पोहोचवतो. प्रसाधने नियम, २०२० अन्वये पाऱ्याच्या वापरास मनाई असून, अनवधानाने राहणाऱ्या पाऱ्याची मर्यादा नेत्रप्रसाधनांत दशलक्ष भागांत ७०, तर अन्य प्रसाधनांत १ भाग ठरवण्यात आली. स्टेरॉइडयुक्त मलम वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना अथवा आयात नोंदणी क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची अंतिम मुदत नसलेले प्रसाधन टाळावे. नवे प्रसाधन चेहऱ्यावर वापरण्यापूर्वी काही दिवस हाताच्या आतील बाजूस लावून पाहावे.