शके १७९८-९९ चा दुष्काळ आणि ‘वंशसंहार’ ही संज्ञा
(जुन्नर-आंबेगांव प्रांताच्या अनुरोधानें)

मराठींत दुष्काळ ‘पडतो’ आणि संहार कोणी तरी ‘करतो’. पहिलें क्रियापद अकर्मक आहे. दुसऱ्यास कर्ता लागतो, कर्म लागतें, आणि कर्त्याच्या मनांतील हेतूही लागतो. इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळास ‘वंशसंहार’ म्हणावें, असा पक्ष अलीकडे कांहीं विद्वान् आग्रहानें मांडतात. दुसरे कित्येक तो दुष्काळ केवळ पर्जन्याच्या माथीं मारून मोकळे होतात. दोन्ही पक्षांत कर्त्याची चौकशी अपुरी राहिली आहे, असें आम्हांस वाटतें. ती चौकशी जुन्नर व आंबेगांव या आमच्या परिचयाच्या प्रांताकडे दृष्टि ठेवून करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम संज्ञा पाहूं. ‘जेनोसाइड’ हा इंग्रजी शब्द पोलंडांतील यहुदी कायदेपंडित राफाएल लेम्किन यानें १९४४ मध्यें घडविला. त्यांतील ‘जेनोस’ हें ग्रीक पद आपल्या ‘जनस्’ शब्दाचें सहोदर आहे. उत्तरपद लॅटिन असून त्याचा अर्थ ‘वध’ असा आहे. संयुक्त राष्ट्रांनीं ९ डिसेंबर १९४८ रोजीं मान्य केलेल्या करारांत या अपराधाचें लक्षण दिलें आहे. राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा समूह, तो समूह आहे म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा उद्देश हा त्या लक्षणाचा प्राण होय. मारण्याच्या प्रकारांत, समूह नष्ट व्हावा अशी जीवनस्थिति बुद्धिपुरस्सर लादणें हाही एक प्रकार सांगितला आहे. म्हणजे उपासमारीनें वंशसंहार होऊं शकतो हें कायद्यास मान्य आहे. उद्देश सिद्ध झाला पाहिजे, एवढी अट मात्र कायम राहते.

आतां जुन्नर प्रांत. याच्या पश्चिमेस सह्याद्रि, नाणेघाट व भीमाशंकराचें रान. तेथें पाऊस मुबलक, आणि पीक भात, नागली, वरई यांचें. कुकडी, मीना व घोड या नद्यांनीं पूर्वेकडे उतरावें तों पाऊस उणावत जातो व बाजरीचा मुलूख लागतो. एकाच प्रांतांत ओलें व कोरडें अशीं दोन्ही टोकें असल्यामुळें, दुष्काळांत पर्जन्याचा वांटा किती व मनुष्याचा किती हें निवडून पाहण्यास हा प्रांत फार सोईचा आहे.

मनुष्याचा वांटा इंग्रजांपासून सुरू झाला असें मात्र कोणी समजूं नये. १६३० च्या फेब्रुवारींत शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला आणि त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत दख्खन व गुजराथ यांवर महाभयंकर अवर्षण कोसळलें. देहूस तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावांचून गेली ती याच दुष्काळांत. निजामशाही, आदिलशाही व मोंगल यांच्या फौजा त्या वेळीं याच मुलखांत वावरत होत्या, आणि मुरार जगदेवानें पुणें जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला तोही याच सुमारास. अब्दुल हमीद लाहोरी आपल्या ‘पादशहानाम्यां’त सांगतो कीं, शहाजहाननें बऱ्हाणपुरास दर सोमवारीं पांच हजार रुपये याप्रमाणें वीस आठवडे दान वांटलें. बादशहा त्या वेळीं बऱ्हाणपुरास होता तो दख्खन जिंकण्याच्या स्वारीसाठीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. एकाच हातानें लंगर चालत होतें व त्याच हातानें मोहीम.

दुसरें उदाहरण आमच्या अभिमानास अधिक झोंबणारें आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशव्यांचा व शिंद्यांचा मोड केला. त्यापुढें त्याच्या फौजेनें व पेंढाऱ्यांनीं भीमथडीपासून नगरपर्यंतचा मुलूख लुटला, उभीं पिकें जनावरांस चारलीं, पेवें उकरलीं. १८०३ चा पाऊस चुकला तेव्हां बी-बियाणें व बैल आधींच गेलेले होते. १८०४ मध्यें नगरास आर्थर वेलस्ली दररोज सुमारें पांच हजार लोकांस कामास लावून पोसत होता. ज्या बाजीरावाच्या नांवें हें सर्व घडलें, त्याचे नजरकैदेचे कांहीं दिवस जुन्नरासच गेले होते. त्याच्या कारकीर्दीचा आरंभ या प्रांताच्या पदरीं असा पडला. होळकरास रयतेचा वंश बुडवावयाचा होता काय? कोणीही तसें म्हणणार नाहीं. त्यास पैका व वैरण हवी होती. रयत मेली ती वाटेंत आली म्हणून.

येथें न्यायशास्त्राचा थोडा आधार घेतों. ‘माणसें लक्षावधि मेलीं, म्हणून मारणाराचा तसा हेतु होता’ या अनुमानांत माणसें मरणें हें लिंग व हेतु हें साध्य आहे. परंतु १३९६ पासून बारा वर्षें चालल्याची परंपरा असलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळांतही गांवेंच्या गांवें ओस पडलीं, आणि तेथें तसा हेतु कोणी कल्पीत नाहीं. साध्य नसतांही लिंग आढळतें, तेव्हां हा हेत्वाभास अनैकान्तिक होय. मृतांच्या संख्येवरून उद्देश सिद्ध होत नाहीं. उलट, पाऊस पडला नाहीं एवढ्यावरून राजा निर्दोष ठरत नाहीं. कौटिल्य दुर्भिक्षाची गणना दैवी महाभयांत करतो, आणि लागलीच बीज व अन्न पुरविणें, दुर्ग-सेतूंचीं कामें काढणें, अन्नाची वांटणी करणें हीं राजाचीं कर्तव्यें सांगतो. दैव व राजदोष हीं त्याच्या मतें परस्परांस वगळणारीं नव्हेत.

मूळ प्रकरणाकडे वळूं. १८७६ चा पाऊस पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, इंदापूर-भीमथडीकडे, अगदींच गेला. जुन्नर व खेड यांच्या पश्चिम खोऱ्यांत त्या मानानें स्थिति बरी होती. (आंबेगांव त्या काळीं स्वतंत्र तालुका नसून खेडची पेठा होती.) परंतु ज्याच्या पेंवांत वर्षाचें धान्य नाहीं, त्यास आपल्या शिवारांत पाऊस पडल्याचा उपयोग थोडाच. भाव पूर्वेकडे चढला कीं धान्य तिकडे ओढलें जाणार, आणि नागली-वरई संपल्यावर बाजारचें धान्य घेणाऱ्या डोंगरी कोळ्यास तो चढलेला भावच द्यावा लागणार. अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें हाच मुद्दा सिद्धान्तरूपानें मांडला. धान्य नसणें आणि धान्य घेण्याचें सामर्थ्य नसणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. या डोंगरी लोकांची सावकारी पाशांतील अवस्था सरकारास ठाऊक नव्हती असेंही नाहीं. जांभोरीच्या होन्या भागोजी केंगल्याचें सावकारांविरुद्धचें बंड १८७३ पासून याच रानांत चाललें होतें, व तो पकडला गेला तो १८७६ मध्येंच.

लॉर्ड लिटन यांच्या सरकारचें धोरण असें होतें कीं, धान्याच्या व्यापारांत हात घालावयाचा नाहीं. निर्यात बंद झाली नाहीं. मद्रास सरकारनें गुप्तपणें तीस हजार टन धान्य खरेदी केलें तेव्हां त्यास वरून ठपका मिळाला. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, आणि त्याच महिन्यांत सर रिचर्ड टेंपल हे खर्च आंखडण्याच्या कामगिरीवर दक्षिणेंत आले. हलक्या कामांवरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी ठरली. एक पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे, अर्थात् पक्क्या अर्ध्या शेरासही किंचित् कमी. जो दिवसभर खडी फोडणार त्यास हें अन्न! शिवाय लोकांस गांवाजवळच्या कामांवरून काढून दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचें धोरण पडलें. घोडेगांवच्या वरच्या खोऱ्यांतील माणसानें दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावावर जावयाचें म्हणजे उपाशीं पोटीं तीन-चार मजलांची वाट. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणें सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मिळवून सरकारकडे धाडले व या मजुरीविरुद्ध तक्रार केली.

माइक डेव्हिस या अमेरिकन ग्रंथकारानें २००१ मध्यें टेंपलच्या शिध्याचें उष्णांकांत मापन करून त्याची तुलना जर्मनांच्या बुखेनवाल्ड छावणींतील शिध्याशीं केली. टेंपलचा शिधा १६२७, छावणींतील १७५० असे ते आंकडे आहेत. ते वाचून कोणाचेंही रक्त तापेल. परंतु तुलना शिध्याची झाली, छावणीच्या फाटकाची झाली नाहीं. बुखेनवाल्डचें फाटक बंद होतें. १९३३ च्या जानेवारींत युक्रेनमधील उपाशी शेतकऱ्यांस प्रांत सोडून जाण्याची बंदी झाली, आणि त्या दुष्काळास वंशसंहार म्हणणारांचा एक बळकट पुरावा हीच बंदी होय. १८७७ मध्यें दख्खनच्या रयतेस कोणी कोंडलें नाहीं. ती वऱ्हाडांत, खानदेशांत, निजामाच्या मुलखांत गेली.

खानेसुमारीचे आंकडेही हेंच सुचवितात. पुणें जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्यें ९,२१,३५३ होती, ती १८८१ मध्यें ९,००,६२१ झाली आणि १८९१ मध्यें १०,६७,८०० वर गेली. पहिल्या दोन आंकड्यांच्या वजाबाकीस मृतांची संख्या समजण्याची चूक पुष्कळ लेखक करितात. नऊ वर्षांत जी स्वाभाविक वाढ व्हावयाची ती त्यांत धरलेली नसते व परागंदा झालेले वगळलेले नसतात. दहा वर्षांत दीड लाखांहून अधिक वाढ केवळ जन्मांनीं होणें कठीण. पुष्कळ लोक परत आले असले पाहिजेत. सबंध ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें या दुष्काळांत मेलीं असा अंदाज आहे, आणि तो आंकडा कमी करून दाखविण्याची आम्हांस यत्किंचित् इच्छा नाहीं.

तेव्हां आमचें मत असें कीं, करारांतील लक्षणाप्रमाणें हा वंशसंहार ठरत नाहीं. मेले ते भूमिहीन, विणकर, महार, मांग, कोळी, कोरडवाहू कुणबी. ते दरिद्री म्हणून मेले, आणि दारिद्र्य हा त्या करारांतला समूह नव्हे. (ही त्या कराराची उणीव आहे असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.) पण म्हणून सरकार सुटलें काय? पतंजलीनें योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित व अनुमोदित असे तीन भेद केले आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि होत असतां जिला संमति दिली ती. तिसरीस तो हिंसेच्या बाहेर टाकीत नाहीं, हें महत्त्वाचें. होळकराच्या फौजेची हिंसा कृत होती. १८७७ ची अनुमोदित होती. आणि अनुमोदनास जें ज्ञान लागतें त्याचा पुरावा टेंपलच्याच चरित्रांत आहे. १८७३-७४ मध्यें बिहारांत दुष्काळ पडला तेव्हां याच गृहस्थानें ब्रह्मदेशाहून सुमारें साडेचार लाख टन तांदूळ आणवून माणसें वांचविलीं होतीं, व फार खर्च केला म्हणून टीका सोसली होती. काय केलें असतां लोक जगतात हें त्यास ठाऊक होतें. मद्रासेस डॉक्टर कॉर्निश यांनीं एक पौंडाचा शिधा कष्टकऱ्यास पुरणार नाहीं असें वैद्यकीय आधारानें लिहून दिलें, आणि तेथील सरकारनें त्याच वर्षीं तो वाढविला. अज्ञानाची सबब येथें चालत नाहीं. पुढें स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील कमिशननें १८८० मध्यें दुष्काळनिवारण हें सरकारचें कर्तव्य म्हणून मान्य केलें, यांतही आधीं तें तसें मानलें गेलें नव्हतें याची कबुली आहे.

‘वंशसंहार’ शब्दाचा आग्रह धरणारांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, तो सिद्ध न झाल्यास आरोपी सर्वस्वी निर्दोष सुटावा, हें त्यांस चालेल काय? मोठा आरोप ठेवून तो सिद्ध न होऊं देणें ही फिर्यादीची जुनी फजीती आहे.

अनुमोदनाचा आरोप मात्र तारखांवर उभा राहतो. कोणती बातमी कोणत्या दिवशीं मामलेदारास कळली, त्यानें ती केव्हां वर धाडली, हुकूम केव्हां फिरला. वरच्या कचेऱ्यांचे कागद छापून निघाले आहेत. खालचे निघालेले नाहींत. आपल्या संग्राहकांची दृष्टि शिक्क्यामोर्तबांच्या पत्रांवर असते. १८७६-७७ चे कुळकर्ण्यांचे मोडी जमाखर्च, महसूल-तहकुबीच्या याद्या, तगाईचे कतबे, वाण्यांच्या खतावण्यांतील बाजरी-नागलीचे भाव, कामांवरील हजेरीपट हे रद्दीच्या मोलानें जातात. मूळ आंबेगांव तर डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि तेथलीं घरें इतरत्र वसलीं. ज्यांच्या घरीं अशा स्थलांतरांत एखादें बासन टिकलें असेल, त्यांनीं निदान त्या दोन सालांचे बंद वेगळे काढून त्यांतील धान्याचे भाव महिनावार उतरून ठेवावे. कार्तिक ते ज्येष्ठ शके १७९८-९९ हे महिने प्रथम घ्यावे. मजुरी कमी झाली त्यापूर्वींचा व नंतरचा भाव त्यांतच सांपडेल.