समोर देह, हातात पोथी

१/ माणसाच्या खालच्या जबड्यात हाडे किती? एक. कवटी हाती घेतली की क्षणात कळावे इतके हे सोपे आहे. तरीही युरोप आणि पश्चिम आशियातील विद्वान वैद्य हजाराहून अधिक वर्षे ‘दोन’ असे शिकवत राहिले. कवट्या दुर्मीळ नव्हत्या आणि पाहणाऱ्यांचे डोळेही अधू नव्हते. मग ही चूक एवढी टिकली कशी? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२/ कथेचा आरंभ गेलनपासून होतो. जन्म इ.स. १२९, पर्गामम येथे (आजच्या तुर्कस्तानातील बेर्गामा). तरुणपणी तो ग्लॅडिएटर योद्ध्यांचा वैद्य होता. पुढे रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसच्या दरबारी पोहोचला. त्याच्या ग्रंथसंपदेइतके विपुल लेखन प्राचीन काळातील फार थोड्या लेखकांचे उरले आहे.

३/ गेलन अंधश्रद्ध नव्हता, हे प्रथम लक्षात घ्यावे. जिवंत डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारी मज्जातंतू कापताच त्याचे ओरडणे थांबते, हे त्याने भर सभेत दाखवले. धमन्यांत हवा नसून रक्त असते, हे प्रयोगाने सिद्ध केले. शिष्यांना तो बजावत असे की केवळ ग्रंथावर विसंबू नका. हाडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

४/ अडचण साधनांची होती. त्या काळच्या रोमन जगात मानवी शवविच्छेदन रूढ नव्हते. म्हणून गेलनने माकडे, डुकरे, बैल, बकऱ्या यांची शरीरे उघडली आणि जे दिसले ते माणसालाही लागू असावे असे मानले. माणसाशी अधिकात अधिक साम्य असलेली माकडे निवडावीत, असे त्याने उघडपणे लिहूनही ठेवले आहे.

५/ त्यातून काही चुका शिरल्या. खालचा जबडा दोन हाडांचा. छातीचे मधले हाड सात तुकड्यांचे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक ‘अद्भुत जाळे’, ज्यात प्राणशक्तीचे रूपांतर होते. हे जाळे बैलात आणि मेंढीत खरोखर असते, माणसात नसते. शिवाय हृदयाच्या मधल्या पडद्यात सूक्ष्म छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पाझरते, असेही त्याने सांगितले.

६/ गेलन गेला आणि त्याचे ग्रंथ उरले. ९ व्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांची सिरियाक व अरबी भाषांतरे केली. पुढे ती लॅटिनमध्ये आली. या प्रवासात एक बदल घडला. ‘स्वतः पाहा’ असे सांगणाऱ्याचे ग्रंथच पाहण्याला पर्याय ठरले.

७/ शंका कोणालाच आली नाही, असे मात्र नव्हे. इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. सांगाड्यांचे ढीग साचले होते. अब्द अल-लतीफ अल-बगदादी हा वैद्य तेथे गेला आणि त्याने कवट्या तपासल्या. जबडा एकसंध होता. सांधा कोठेच नव्हता.

८/ त्याने इतरांनाही ती हाडे पाहायला लावली. दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्याचे तो नमूद करतो. गेलनविषयी त्याला अपार आदर होता. पण गेलनच्या शब्दापेक्षा इंद्रियांची साक्ष अधिक भरवशाची, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच शतकात इब्न अल-नफीसने हृदयाच्या पडद्यातील छिद्रे नाकारली. तरीही मुख्य शिक्षणक्रम जागचा हलला नाही.

९/ युरोपात १४ व्या शतकाच्या आरंभी बोलोन्या येथे मोंदिनोने मानवी शवविच्छेदन शिक्षणात आणले. आता तरी चूक उघडी पडायला हवी होती. पण पुढे या वर्गाची रचनाच विलक्षण झाली. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत. खाली एक कारागीर देह कापे. तिसरा माणूस छडीने अवयव दाखवी.

१०/ म्हणजे वाचणाऱ्याचा हात देहाला लागत नसे आणि कापणाऱ्याला लॅटिन येत नसे. देह ग्रंथाचा परीक्षक नव्हता, तो ग्रंथातील चित्राच्या जागी होता. ग्रंथात सांगितलेले दिसले नाही, तर दोष त्या प्रेताचा किंवा कापणाऱ्याचा. १५२१ साली बेरेंगारिओ दा कार्पी याने, अनेक मस्तके तपासूनही ‘अद्भुत जाळे’ सापडले नाही, असे छापून सांगितले. तरी ते जाळे शिकवले जातच राहिले.

११/ १५१४ साली ब्रुसेल्समध्ये आंद्रेआस व्हेसेलियस जन्मला. पॅरिसमध्ये तो याकोबस सिल्व्हियस या कट्टर गेलनवादी गुरूकडे शिकला. १५३७ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, पादुआ विद्यापीठात शस्त्रवैद्यक व शरीररचना शिकवू लागला. उंच आसन सोडून तो खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हाती घेतली.

१२/ येथे बंडखोर नायकाची सोपी कथा संपते आणि खरा इतिहास सुरू होतो. १५३८ साली व्हेसेलियसने शरीररचनेचे सहा तक्ते प्रसिद्ध केले. तोवर त्याने स्वतःच्या हाताने माणसे उघडली होती. तरी त्या तक्त्यांत यकृताला पाच खंड आहेत, जसे प्राण्यांत आढळतात. आणि मेंदूखाली ते ‘अद्भुत जाळे’ही रेखाटलेले आहे.

१३/ पुढे त्याने स्वतःच याची कबुली दिली. गेलनवरील भक्तीपोटी तो माणसाचे मस्तक जाहीरपणे उघडताना जवळ कोकराचे किंवा बैलाचे मस्तक ठेवीत असे. माणसात जे जाळे धड सापडत नसे, ते प्राण्यात दाखवी आणि आपण ते पाहिले असा प्रेक्षकांचा समज करून देई. आपल्याच या आंधळेपणाचे त्याला नंतर नवल वाटले.

१४/ ही कबुली फार मोलाची आहे. व्हेसेलियस आधी लबाडी करत होता आणि मग प्रामाणिक झाला, असा तिचा अर्थ नव्हे. जाळे असणारच, याविषयी त्याला खात्री होती. म्हणून कोकराचे मस्तक त्याला फसवणूक वाटले नसावे, अध्यापनाची सोय वाटली असावी. आत्मवंचना अशीच काम करते. तिला खोटे बोलावे लागत नाही. पुराव्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढली की तिचे भागते.

१५/ वळण आले ते तुलनेमुळे. १५४० साली बोलोन्या येथील प्रात्यक्षिकांच्या वेळी त्याने माणसाचा आणि माकडाचा सांगाडा शेजारी शेजारी मांडला. गेलनचे मणक्याचे वर्णन माकडाशी जुळत होते, माणसाशी नाही. एकेक सुटी चूक म्हणजे अपवाद म्हणता आली असती. पण आता त्या सगळ्या चुकांचे एकच कारण समोर उभे होते. गेलनने माणूस उघडलेलाच नव्हता.

१६/ १५४३ मध्ये बाझेल येथे ‘मानवी देहाच्या रचनेविषयी’ हा त्याचा सचित्र महाग्रंथ छापला गेला. जबडा एक हाडाचा झाला, छातीचे हाड तीन भागांचे झाले, ‘अद्भुत जाळे’ गेले. लेखकाचे वय तेव्हा २८ होते.

१७/ पण हृदयाचे काय? १५४३ च्या आवृत्तीत तो लिहितो की पडद्यातील खळगे आरपार गेलेले दिसत नाहीत. तेव्हा अदृश्य वाटांनी रक्त पाझरवणाऱ्या निर्मात्याच्या कौशल्याचे आश्चर्य वाटते. छिद्रे नाहीत असे म्हणण्याचे धैर्य १५५५ च्या आवृत्तीतही जेमतेम आले. हृदयाबाबत आपण बरेचसे गेलनला धरून लिहिले, कारण नवे सांगताना स्वतःवरच विश्वास नव्हता, असे त्याने मान्य केले.

१८/ गुरू सिल्व्हियसची प्रतिक्रिया याहून बोलकी आहे. १५५१ साली त्याने शिष्याला वेडा ठरवणारी पुस्तिका काढली. देह आणि गेलन जुळत नसतील तर गेलन चुकला असे नव्हे. गेलनच्या काळानंतर माणसाचा देहच बदलला, असा त्याचा बचाव होता. ग्रंथ वाचवण्यासाठी त्याने मानवजात बदलून टाकली.

१९/ ही केवळ युरोपची गोष्ट नाही. सुश्रुतसंहितेत मृतदेह सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग कुंच्याने थर घासत एकेक अवयव पाहण्याची रीत सांगितली आहे. प्रत्यक्ष आणि शास्त्र दोन्ही हवीत, असा तिचा आग्रह आहे. पुढे परंपरेने संहिता जपली, पण ती रीत मागे पडली. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठी क्रांती ठरली. गुप्त आधी संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवत असत.

२०/ इतिहासाच्या अभ्यासातही असेच एक ‘अद्भुत जाळे’ असते. एका बखरीतील प्रसंग दहा पुस्तकांत येतो आणि दहा साक्षीदार असल्याचा भास होतो. मूळ साक्षीदार एकच असतो, कधी तोही नसतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांचा. बखरींना पत्रांसमोर उभे करणे, म्हणजे दोन सांगाडे शेजारी मांडणेच होते.

२१/ व्हेसेलियसही चुकलाच. डोळ्यातील भिंग त्याने बुबुळामागे न दाखवता मध्यभागी दाखवले. मूत्रपिंडाचे त्याचे चित्र कुत्र्याचे होते. त्याच्याविषयी नितांत आदर बाळगणाऱ्या फॅलोपिओने १५६१ मध्ये त्याच्या अनेक चुका दुरुस्त केल्या. पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले आणि त्या छिद्रांची गरजच संपली.

२२/ पूर्वजांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण येथे कोणीच मूर्ख नव्हते. गेलनने जे पाहिले ते बरेचसे नीट पाहिले होते. चुकले ते त्याचे वाक्य पाठ करून पाहणे थांबवणारे. म्हणून वारशाने आलेल्या कोणत्याही ठाम विधानाला दोन प्रश्न विचारावेत: हे मुळात कोणी पाहिले? आणि त्याने नेमके काय पाहिले, माणूस की माकड?